पेन कुलपात, तरी शुगर पडते

तासगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. द्राक्षबाग असलेलं घर. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. दहाव्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला, तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिन. तीन वर्षं घडी नीट बसली होती. गेल्या दिवाळीपासून मात्र त्याची शुगर सारखी पडते, कधी शाळेत, कधी पहाटे तीनला. पोरगा सुस्तावलाय, मार्क उतरलेत, भर दुपारी स्वेटर घालून बसतो. गेल्या जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट अजून घोट्याला बरोबर येते.

वडिलांचा संशय असा, की मित्रांबरोबर भडंग, आइस्क्रीम खाता यावं म्हणून तो चोरून जास्तीचं इन्सुलिन टोचून घेतो. म्हणून डिसेंबरपासून इन्सुलिनची पेनं कपाटात कुलूपबंद, किल्ली वडिलांच्या खिशात, प्रत्येक डोस तेच देतात. डॉक्टरांनीही दोनदा डोस उतरवला. तरी शुगर पडतेच. शेवटी थायरॉईड तपासला. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी मंदावली की हे वाढतं) २६, फ्री टी-फोर (ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ भरपूर वाढलेलं. गोळी लिहून मिळाली. वडील म्हणतात, थायरॉईड बायकांना होतो, पोराला कसला होतोय, लॅबचा घोळ आहे. सासूबाई म्हणतात, एकदा लागली की जन्माची लागते. शेजारी म्हणतात, मीठ बदला. गोळ्यांची बाटली पंधरा दिवस फडताळात पडून आहे.

आईचे तीन प्रश्न आहेत. यांना न सांगता गोळी सुरू केली तर चालेल का? पोरगा खोटं बोलतोय का? आणि अकरा वर्षांच्या धाकटीचंही रक्त तपासून घेऊ का?

ताई,

मधला प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. या बाबतीत पोरगा खोटं बोलत नाही, आणि याचा पुरावा तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलाय. डिसेंबरपासून पेनाला त्याचा हात लागलेला नाही. डोस वडील देतात, तोही आधीपेक्षा कमी. तरी पहाटे तीनला मीटर ५२ दाखवतो. मग जास्तीचं इन्सुलिन घेतलं कुणी? कुलूप लावलं त्याला पकडायला, आणि त्या कुलपानेच त्याला निर्दोष ठरवलं. यजमानांना हे कुणी तरी शांतपणे दाखवायला हवं. ते शक्यतो तुम्ही एकटीने करू नका, त्याबद्दल पुढे लिहिते.

यजमानांचा संशय अगदीच हवेतला होता असंही मी म्हणणार नाही. या वयाची मुलं इन्सुलिनची लपवाछपवी करतात. कुणी डोस चुकवतं, कुणी आधी खातं आणि मग अंदाजाने टोचून घेतं. त्यात ज्या बापाने चार महिने प्रत्येक सुई स्वतःच्या हाताने दिली, पहाटे उठून बोटातून रक्त काढलं, तो पोराच्या वाईटावर नाही. तो घाबरलाय. पण घाबरलेला माणूस शुगरच्या आकड्यात पोराचा स्वभाव वाचायला लागतो, तिथे गोष्ट बिघडते. टाइप १ च्या घरांत हे फार होतं. आकडा वाढला की 'काय खाल्लंस?', पडला की 'काय केलंस?' या दोन्हींत तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही, की शरीरातच काही बदललं असेल.

तुमच्या मुलाच्या शरीरात बदल झालाय. टाइप १ डायबेटिस गोड खाऊन होत नाही हे तुम्हाला दहाव्या वर्षीच सांगितलं असेल. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून तो होतो. हीच प्रतिकारशक्ती बऱ्याच जणांत गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवरही उलटते. टाइप १ असलेल्यांपैकी साधारण १७ ते ३० टक्के लोकांना कधी ना कधी हा त्रास होतो. टाइप १ च्या जोडीने येणाऱ्या अशा आजारांत थायरॉईडचा नंबर सगळ्यात वरचा. अँटी-टीपीओ म्हणजे ग्रंथीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं. ती वाढलेली, टीएसएच २६ (बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा चार-पाचच्या आसपास असते) आणि त्यात फ्री टी-फोर कमी. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवताहेत, की प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने ग्रंथी मंदावली आहे. हाकारू हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'हाशिमोतो' असा शब्द दिसला तर दचकू नका.

थायरॉईड बायकांत जास्त दिसतो हे खरंच आहे. पण 'जास्त' म्हणजे 'फक्त' नव्हे. टाइप १ असलेल्या मुलाबाबत तर डॉक्टर मुलगा की मुलगी हे बघून तपासणी ठरवत नाहीत. निदान झाल्यावर शुगर जरा ताब्यात आली की एकदा टीएसएच, नॉर्मल निघाला तर दर एक-दोन वर्षांनी पुन्हा, आणि शुगर कारण नसताना वरखाली व्हायला लागली, गळा सुजला किंवा उंची अडली तर लगेच, असा शिरस्ता आहे. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं.

आता, थायरॉईड मंदावला तर शुगर का पडावी? हे यजमानांना समजावायचं तर बागेच्या भाषेत सांगा. ऊन उतरलं, हवा गार झाली, तरी ड्रिप उन्हाळ्याइतकेच तास चालू ठेवलं तर तेच पाणी वेलीला जास्त होतं. पाणी कुणी चोरून सोडलेलं नसतं. थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. पोटातलं अन्न रक्तात हळू उतरतं, यकृत साखर कमी सोडतं, आणि टोचलेलं इन्सुलिन शरीरातून लवकर निघून जात नाही. कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो. दुपारचा स्वेटर, सुस्ती, अभ्यासात न लागणारं डोकं, न वाढणारी उंची, हे सगळं त्याच एका गोष्टीतून आलंय. पँटचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण डॉक्टरला ती ओळ सोन्यासारखी वाटेल. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर तरी वाढ दिसायला हवी. गोळी सुरू झाल्यावर अडलेली उंची बऱ्याच मुलांत भरून निघते. मात्र वाढीची वर्षं सरल्यावर ती संधी राहत नाही, म्हणून ही बाटली फडताळात ठेवण्यातली नाही.

पण यजमानांपासून लपवून ती देऊ नका.

मी तुम्हाला संसाराचे धडे देत नाही, कारण साधं व्यवहाराचं आहे. गोळी काही आठवड्यांत काम करायला लागली, की मंदावलेलं शरीर पूर्वपदावर येतं आणि इन्सुलिनची गरज पुन्हा वाढते. आता उतरवलेला डोस तेव्हा कमी पडेल आणि शुगर चढू लागेल. तुमच्या घरात डोस कोण देतं? ज्याला गोळीबद्दल काहीच माहीत नाही, तो माणूस. मीटरवर २८० बघून तो काय म्हणेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 'बघ, आता चोरून खायला लागला.' म्हणजे पोराला बरं करणारी गोळीच त्याच्यावर नवा आळ आणेल. शिवाय ही रोज सकाळी घ्यायची गोळी आहे. ती चौदा वर्षांच्या पोराकडून बापापासून लपवून घ्यायला लावली, तर आजार लपवायचा असतो हे आपणच त्याला शिकवल्यासारखं होईल. उद्या शाळेत शुगर पडली तरी तो ते मास्तरांपासून लपवेल.

मग यजमानांना कसं वळवायचं? वाद घालून नाही. त्यांना लॅबवर विश्वास नाही ना, मग दुसऱ्या लॅबमध्ये टीएसएच आणि फ्री टी-फोर पुन्हा करून घ्या. सांगली-मिरजेत लॅबना तोटा नाही. याचा खर्च तुम्ही महिन्याला शुगरच्या पट्ट्यांवर घालता त्यापेक्षा जास्त होणार नाही. मात्र रिपोर्टची वाट बघत आणखी दिवस घालवायची गरज नाही. रक्त दिलं की डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू करता येते. आणि डॉक्टरांकडे या वेळी यजमानांनाच मुलासोबत पाठवा. डोस ते देतात, तेव्हा प्रश्नही त्यांचेच असू देत. चार महिन्यांचे आकडे वहीत असतील तर ती वही सोबत असू द्या. डोस कुणी दिला, किती दिला, शुगर किती पडली, हे सगळं त्यांच्याच अक्षरात आहे. डॉक्टरांना फार काही बोलावं लागणार नाही.

त्या भेटीत दोन गोष्टी आठवणीने विचारायच्या. पहिली म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी. मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या या छोट्या ग्रंथींवरही प्रतिकारशक्ती क्वचित उलटते, आणि तेव्हाही शुगर पडते. मुलाचं वजन घटतंय का, कातडी विनाकारण काळवंडलीय का, उलट्या, चक्कर, रक्तदाब कमी, खारट खावंसं फार वाटणं असं काही आहे का, हे सांगा. तसं असेल तर थायरॉईडची गोळी देण्याआधी कॉर्टिसोल (या ग्रंथींचं संप्रेरक) तपासावं लागतं, कारण अ‍ॅड्रिनल कमजोर असताना नुसती थायरॉईडची गोळी दिली तर पेशंट गंभीर होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. दुसरी गोष्ट सीलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं तो आजार. टाइप १ च्या मुलांत तोही जास्त दिसतो आणि त्यातही उंची अडते, शुगर पडते. रक्ताची साधी तपासणी असते, पण ती होईपर्यंत चपाती बंद करू नका. आधीच गहू सोडून भाकरीवर आलात तर तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते.

आता रोजचं. गोळी सकाळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. मग अर्धा ते एक तास काही नाही, चहा-दूधही नाही. तोवर त्याची शुगर तपासून, आंघोळ आवरून होते. मग इन्सुलिन, मग नाश्ता. शाळेची एसटी लवकर असेल तर उठायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यावी लागेल, त्याबद्दल तो कुरकुर करणार हे गृहीत धरा. सकाळी शुगर ७० च्या खाली असली तर मात्र रिकाम्या पोटाचा नियम बाजूला. आधी साखर, गोळीचं नंतर बघू. एखाद्या दिवशी गोळी पुढेमागे झाली तर काही बिघडत नाही, तिचा असर शरीरात दिवसच्या दिवस टिकतो. सकाळी विसरली तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्या. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली की अंतर आपोआप पडतं.

मिठाचं म्हणाल तर आहे तेच आयोडीनयुक्त मीठ वापरा. सैंधवावर जाऊन हा आजार जाणार नाही, आणि मीठ वाढवूनही जाणार नाही. आयोडीन कमी पडल्याने होणारा गलगंड वेगळा. आपल्याकडे त्यासाठी १९६२ पासून सरकारी कार्यक्रम आहे, मीठ त्यातूनच आलं. तुमच्या मुलाच्या ग्रंथीला आयोडीनची टंचाई नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीसारखं खाल्लं तरी चालतं.

सासूबाईंना काय सांगायचं? गोळी बहुतेक जन्मभर लागेल, हे त्यांचं बरोबर आहे. पण त्या म्हणतात तशी तिची सवय लागत नाही. ग्रंथी जे बनवत होती तेच संप्रेरक गोळीतून आपण भरून देतो. ते शरीराला लागतंच, गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. जो मुलगा दिवसातून चार सुया घेतो, त्याच्या आजीने एका बारक्या गोळीला इतकं घाबरावं याची मला गंमत वाटते, पण आजीला तसं म्हणू नका.

आता शुगर पडते त्याचं. गोळीचा असर दिसायला आठवडे लागतात, तोवर धोका आहे तसाच आहे. तुमच्याकडे बेदाण्याला तोटा नाही, म्हणून बऱ्याच घरांत दप्तरात बेदाण्याची पुडी दिलेली असते. ती मधल्या वेळच्या खाण्याला ठीक. शुगर पडल्यावर मात्र चघळत बसायला वेळ नसतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. आइस्क्रीम किंवा पेढा यासाठी उपयोगाचा नाही, त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते. वर्गशिक्षकांना आणि बाकावरच्या मित्राला हे माहीत असू द्या. पोर बेशुद्ध झालं तर तोंडात काही घालायचं नाही, साखरही नाही. कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन.

कुलपाबद्दल एक सांगते. ते काढायचं की ठेवायचं हा निर्णय तुमच्या घराचा. पण यजमान बागेत असताना दुपारचा डोस अडत असेल, तर कुलपाने नुकसानच चाललंय. शिवाय उन्हाळ्यात लोखंडी कपाट तापतं. चालू पेन ३० अंशांच्या खालीच ठेवायला हवं, नाहीतर इन्सुलिनची ताकद जाते. पेन पोराच्या हातात देऊन शेजारी बसून बघायचं, हा मधला मार्ग आहे. आणि यजमानांनी त्याला एकदा तोंडाने सांगावं, की तू चोरून घेत नव्हतास. बाप लोकांना हे जड जातं. बायकोने बापाच्या वतीने सांगितलेलं मात्र पोरांच्या हिशेबात धरलं जात नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचा, त्यावर गोळीची मात्रा ठरेल. वाढत्या वयात ती बदलत राहते, तेव्हा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो नॉर्मल आला तो गोळीमुळेच. गोळी सुरू केल्यावर पहिले दोन महिने शुगर जास्त वेळा तपासा, पहाटेसकट, आणि चढायला लागली की डॉक्टरांना फोन करून डोस विचारा.

हे वाचणाऱ्या, टाइप १ असलेल्या इतरांसाठीही थोडं लिहिते. थायरॉईड उलटाही जातो, म्हणजे जास्त काम करतो. तेव्हा इन्सुलिन कितीही वाढवलं तरी शुगर खाली येत नाही, वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो. ही थरथर आणि घाम शुगर पडल्यासारखाच वाटतो, म्हणून मीटर न लावता साखर खाऊ नका. ज्यांचं अँटी-टीपीओ वाढलेलं आहे पण टीएसएच नॉर्मल आहे त्यांना गोळी लागत नाही, फक्त तपासणी चुकवायची नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे फसवे येतात. आणि मुलींनो, लग्नानंतर मूल हवं असेल तर आधी टीएसएच बघून घ्या. गरोदरपणात ही गोळी चालते, ती थांबवायची नसते, उलट मात्रा वाढवावी लागते. बाळंतपणानंतरच्या वर्षात पुन्हा तपासा, कारण टाइप १ असलेल्या बायकांत त्या काळात थायरॉईड बिघडण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट असतं.

राहिली धाकटी. भावाला आहे म्हणून तिला असेलच असं नाही, आणि ती खेळती-वाढती असेल तर उद्याच सुई टोचायला न्यायची घाई नको. पण घरात प्रतिकारशक्तीचा हा स्वभाव आहे, तेव्हा डोळे उघडे ठेवा. खूप तहान, रात्री वारंवार लघवीला उठणं, वजन घटणं दिसलं तर त्याच दिवशी घरच्या मीटरवर तिची शुगर बघा आणि जास्त आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुस्ती, थंडी सहन न होणं, गळ्याला फुगवटा, किंवा सहा महिन्यांत उंची न हलणं, यांपैकी काही दिसलं तर टीएसएच. दादाची उंची आता दर तीन महिन्यांनी मोजणारच आहात, तेव्हा तिलाही त्याच्या शेजारी उभी करा.